अक्काचं खुराडं

माझी अक्का सासरहून पळून आली, तेव्हा तिच्या काखेत एक कोंबडी होती.

लुगडं नाही, गाठोडं नाही. कोंबडी.

ती अक्का आज पहाटे गेली. नव्वदी केव्हाच ओलांडली होती, त्यामुळे "फार अचानक" वगैरे काही म्हणत नाही. तरी घर सुनं झालंय आणि मला राग आलाय. कुणाचा, ते विचारू नका.

नातीनं मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, म्हणून लिहिते. चुका पोटात घाला.

निजामाचं राज्य अजून होतं. आमचं गाव कुरुंद्याकडचं, हळदीचं. अक्का पंधरा-सोळाची, मी तिच्याहून थोडी धाकटी.

तिच्या दंडावर उलथन्याचा डाग होता. सासूनं दिलेला.

आईनं तो पाहिला आणि तोंडात पदर कोंबला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाहिला की नाही कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "चार दिवस ऱ्हाऊ दे. मंग धाडू. लेकीचं घर तिकडंच."

मग कोंबडीकडे बघून, "आन् ही जर माझ्या हळदीत दिसली, तर दोघींची रवानगी एकाच गाडीत."

अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडलेली. आणि कोंबडी म्हणजे उकरणारच. तिला काय सांगणार, बाई, तुझ्या पायावर माझ्या बहिणीचा जीव टांगलाय?

"आपुन तिला घर बांधू," अक्का म्हणाली.

आमच्या गावात कोंबड्यांना कुणी घर बांधत नसे. दिवसभर गावभर हिंडायच्या, दिवस मावळला की टोपल्याखाली डालायच्या. झालं. शेजारणीनं तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोंबडीला कुंपण? काहून गं? उद्या शेळीला पलंग करताल!"

पण त्याच शेजारणीनं एक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्याही दिल्या. "येकटी कशी राहील बिचारी," म्हणाली.

परसात आम्ही पांगऱ्याच्या फांद्या रोवल्या. त्यांच्यामधून तुराट्या विणल्या, अंबाडीच्या दोरीनं आवळल्या. मुंगसाच्या भीतीनं बाहेरून बोरीचे काटे लावले. कोपऱ्यात मातीचं खुराडं.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. त्यांचा रंग आठवतो. पिवळा.

हळद पिवळी, ऊन पिवळं, तुराट्यांतून गळून अक्काच्या तोंडावर त्याचे पट्टे पडलेले. ती चिखल तुडवत असायची आणि झोपेत बोलल्यासारखी बोलत असायची. इथं देवळी करू. इथं उंबरा. दार उगवतीला.

ऐकता ऐकता मला कळेनासं व्हायचं, की ही कोंबडीचं घर बांधतेय की स्वतःचं. कोंबड्या आमच्या पायांशी कुरकुरत फिरायच्या आणि दुपार संपूच नये असं वाटायचं.

खुराडं झालं. शेणानं सारवलं, चारी भिंती, छपरासकट. एक फट ठेवली नाही. दारात रांगोळीसुद्धा.

संध्याकाळी कोंबड्यांनी आत डोकावून पाहिलं आणि सगळ्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसल्या.

आई हसून हसून खाली बसली. "येडे, जित्या जिवाला वारा नको का?" तिनं विळ्याच्या टोकानं भिंतीला भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी कोंबड्या आत गेल्या.

मग सासरची गाडी आली. अक्काचा सासरा आणि नवऱ्याचा मामा.

अण्णा ओसरीवर बसलेले. अक्का चुलीमागे लपलेली.

आईच दाराआडून बोलली, "कोंबडी खुडूक हाये. अंड्यावर बसवलीय. जिनं बसवली तिचाच हात लागावा लागतो, न्हाई तं अंडी नासतेत. पिलं निघू द्या, धाडतो."

असा रिवाज बायका पाळायच्याच, त्यामुळे पाहुण्यांनी ते मानलं. चहा पिऊन गेले.

पिलं निघाली तशी आईनं दुसरी कोंबडी बसवली!

अशात एक दिवस दाराची दोरी सुटली आणि अक्काची ती पहिली कोंबडी थेट हळदीत. अण्णा समोरच उभे.

अण्णांनी तिला उचललं, काखेत घेतलं, परसात नेऊन आत सोडलं. दाराला दोरी बांधताना त्यांची नजर अक्काच्या दंडावर गेली. बराच वेळ तिथंच राहिली.

"गाठ नीट मारत जाय," एवढंच म्हणाले. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

पुन्हा गाडी आली. आईनं पुन्हा कोंबडीचं नाव काढलं, तसा सासरा भडकला. "कोंबडीचं काय लावलंय? पोरगी द्या!"

अण्णा उठून उभे राहिले.

"पाव्हणं, पोरगी न्हाई यायची."

"काहून?"

अण्णांना भांडता येत नसे. ते चाचपडले. परसाकडे बघितलं, आणि म्हणाले, "सांजच्याला कोंबड्या कोण डालील?"

एवढंच. गाडी रिकामी गेली.

अक्का चुलीमागून उठली, परसात गेली, कोंबड्यांना कण्या टाकल्या आणि तिथंच बसून ढसाढसा रडली. मीही रडले. अण्णा आमच्याकडे पाठ करून एक तुराटी उगाच सरळ करत राहिले.

त्यानंतर ती त्याच घरात राहिली. आम्हा भावंडांची लग्नं झाली, आई गेली, अण्णा गेले, भाचरं मोठी झाली. अक्का तिथंच. हुकूम सोडत, कोंबड्या डालत, सगळ्यांवर माया करत.

अक्के, या घरातून तुला कुणाला नेऊ दिलं न्हाई आपल्या अण्णानं.

आज आमीच नेलं गं.

नीट जाय. तुला मनापासून नमस्कार.