उजव्या हातच्या बांगड्या

पौष वद्य पंचमी. पहाटेपासून मी गाडीत कापूस तुडवत होते. परमुलखातल्या लढाईमुळे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. उन्हं चढायच्या आत यांना अमरावतीच्या वाटेला लागायचं होतं. माझा पाय घसरला आणि उजव्या अंगावर खाली पडले. खांदा नि कोपर यांच्या मध्येच हात वाकला.

यांनी भरलेली गाडी खळ्यात रिकामी केली, माझ्याखाली पुरेल एवढाच कापूस ठेवला. हात धरायला थोरली जाऊ सोबत बसली.

अमरावतीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “दंडाचं हाड मोडलंय. आम्ही याला फ्रॅक्चर म्हणतो. कातडी फाटलेली नाही, तेव्हा कापाकापी नको, फळ्या बांधू. पण बोटं निळी पडताहेत. आधी बांगड्या काढा. रक्त अडलं तर हात जाईल.”

तेल लावलं, साबण लावला. सुजलेल्या मनगटावरून एकही सरकेना.

“मग फोडा,” डॉक्टर म्हणाले.

जाऊबाई आडव्या आल्या. “सवाष्णीच्या हातच्या हायेत डाक्तरसाहेब! कोन धजन?”

मीही मान हलवली. खोटं कशाला सांगू? हात गेला तरी चालेल, असंच तेव्हा वाटलं.

यांनी माझ्या चंचीतला अडकित्ता काढला. काचेखाली ओला कापूस सरकवत म्हणाले, “माह्याच जिवासाठी घातल्या ना इनं? मंग मीच फोडतो. मी काई इतल्यानं मरत नाई, वहिनी.”

“अन् मेले तं?” मी विचारलं.

“तं दोन्ही हातांनं ऊर बडवून रडजो. म्हनूनच तं हा हात वाचवून राहिलो.”

डॉक्टर हसले. मला दुखत होतं, तरी हसू आलं. शेवटची बांगडी फुटली आणि थोड्या वेळाने बोटांवर लाली चढली.

मग गाडीतलाच कापूस आत घालून फळ्या बांधल्या. फळ्या होत्या तोवर माझी वेणी यांनीच घातली. वाकडी घालत, पण रोज घालत.

कोणाचा हात मोडला तर बायांनो, आधी बांगड्या उतरवा. रडायला मागून वेळ मिळतो.

होळीनंतर डॉक्टरांनी फळ्या सोडल्या. हाड जुळलं होतं. हात काटकीसारखा बारीक झाला होता, पण माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कासारणीला बोलावलं. उजवा हात पुढे केला आणि म्हटलं, “हिरव्याच भर. पण एक माप मोठ्या.”