बाबांच्या गाऱ्हाण्यांची साफसफाई

आमच्या लालबागच्या खोलीत गणपती बसले की गाऱ्हाणं घालायचं ते बाबांनीच. हातात नारळ घेऊन देवासमोर उभे राहायचे, घरातल्या एकेकासाठी काहीबाही मागायचे आणि प्रत्येक मागण्यामागोमाग मजल्यावरची सगळी मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायची. बाबा ते दरवर्षी फोनवर रेकॉर्ड करून गावच्या नातेवाइकांना पाठवायचे. गेल्या वर्षीचं मात्र त्यांनी कुणालाच पाठवलं नाही. आपल्या दुखण्याचं त्यांना तेव्हाच कळलं होतं, आम्हाला नव्हतं. त्या वेळी शेवटी आवाज अगदी खाली नेऊन त्यांनी काहीतरी मागितलं. कुणालाच ऐकू आलं नाही, तरी सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले.

दिवाळीनंतर बाबा गेले. "शेवटाक ते काय बोललेत, ता माका ऐकव," आई एक दिवस म्हणाली. "तू कॉम्प्युटरवालो ना?"

कॉम्प्युटरवाला! बाबांच्या फोनमधलं सगळं मी लॅपटॉपवर घेतलं आणि फोन पुसून एक्स्चेंजमध्ये देऊनही टाकला. फोल्डर उघडला तर तीच रेकॉर्डिंगं नातेवाइकांकडून फिरून परत आलेली, नवनव्या नावांनी, दहा-दहा वेळा. साध्या माणसाने शेवटची फाइल शोधून आईला ऐकवली असती. मला आधी साफसफाई हवी. पायथनची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामसाठी मिळणारा आयता कोड, घेऊन प्रत्येक फाइलचा डायजेस्ट काढायचा असं मी ठरवलं. डायजेस्ट म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. आतला मजकूर तोच असेल तर डायजेस्ट तोच येतो, मग नाव काहीही असो. दोन फाइलींचा जुळला की दुसरी उडवायची. ऑफिसात हे मी डोळे मिटून करतो. इथेही डोळे मिटूनच केलं.

शंभरावर फाइलींतली एक उरली.

चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रेकॉर्डिंग किती लांब आहे हे पाहायला मी प्रत्येक फाइल आधी शेवटपर्यंत वाचली होती आणि पुन्हा सुरुवातीला न जाता तिथूनच डायजेस्टसाठी वाचायला घेतली होती. पुढे वाचायला काहीच नव्हतं. लायब्ररीने बिचारीने काहीच नसलेल्याचा डायजेस्ट इमानेइतबारे काढून दिला, सगळ्या फाइलींचा एकच. एखाद्या ज्युनिअरने हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. उडालेलं परत आणायचे सगळे उपाय केले, काही हाती लागलं नाही. मग मी ढसाढसा रडलो.

उरलेली फाइल सगळ्यांत जुनी होती, मी बेकार होतो त्या वर्षीची. "ह्या पोराक कामधंदो गावांदे रे म्हाराजा," बाबा खणखणीत आवाजात मागत होते.

"गावला काय रे?" आईने विचारलं.

"आवाज फारच बारीक आहे गं. काही कळत नाही," मी म्हणालो. ती मान हलवून भाजी निवडू लागली.

यंदा नारळ माझ्या हातात आला. आईच्या गुडघ्यांसाठी मागितलं, ताईच्या पोरीच्या परीक्षेसाठी मागितलं. मग मी आवाज खाली नेला आणि देवाला सांगितलं, आईशी मी खोटं बोललोय, बाबांचं शेवटचं मागणं मीच पुसलंय, मला माफ कर. कुणालाच ऐकू गेलं नाही. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. आईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.