शेऱ्याचा रकाना

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी आधीच सांगून टाकते: त्या शनिवारी मी सुपडू भाऊंना जे बोलले ते बोलायला नको होतं. आणि त्यांनी चार वर्षं जे केलं, तेही करायला नको होतं. आता दोन्ही सांगते.

सावद्यात आमची केळी पिकवायची तीन चेंबरं आहेत. हिरवी केळी आत ठेवायची, थंडावा आणि गॅस द्यायचा, चार-पाच दिवसांनी पिवळी केळी बाहेर काढायची. ऐकायला किती सोपं! मलाही तसंच वाटलं होतं. धुळ्याहून लग्न करून आले, बीकॉम झालेली, शहाणी, आणि पहिल्याच महिन्यात एक चेंबरभर माल मऊ करून ठेवला. सासरे काही बोलले नाहीत. सुपडू भाऊ मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाई, केयं काय तुह्या पुस्तकातलं गणित हाये का?" केळ्याला ते केयंच म्हणतात. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सुपडू भाऊ आमच्याकडे सतराव्या वर्षी आले. तेव्हा मशीन कुठलं! मातीच्या खोलीत केळी रचायची, धूर द्यायचा, दार लिंपून टाकायचं. ते दार कधी फोडायचं, हे सुपडू भाऊंचं नाक ठरवायचं. पुढे चेंबरं आली, काटे आले, गॅसचे सिलिंडर आले, तरी नाक तेच राहिलं. केळ्याची फणी जिथून कापलेली असते तिथे नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "याले गॅस कमी द्या." कुणाच्या बागेचा माल, पाणी कधी तोडलं होतं, झाडावर करपा रोग येऊन गेला का, सगळं त्यांना त्या वासात कळायचं. माणूस एक नंबरचा तिरसट. चहा जरा थंड झाला की कप तसाच परत. पण रावेर-यावलपर्यंतचे लोक माल पिकवायला आमच्याकडे आणायचे ते त्यांच्यासाठीच, चेंबरं काय, शेजाऱ्याकडेही आहेत.

सात वर्षांपूर्वी नीलेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. चेंबरचं तापमान मोबाइलवर दिसतं, प्रत्येक खेपेची नोंद राहते आणि ती नोंद क्लाउडवर, म्हणजे लांब कुठेतरी त्या कंपनीच्याच कंप्युटरमध्ये. आपल्याकडे सांभाळायची कटकट नाही. विकायला आलेला माणूस गोड बोलणारा. आम्ही त्याला किती प्रश्न विचारले! लाइट गेली तर काय, नेट गेलं तर काय, फोन हरवला तर काय. उद्या तुम्हाला सोडून जायचं झालं तर आमचं सामान आम्हाला परत कसं मिळणार, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यात बागेचा नंबर टाकावा लागायचा. आता आमच्याकडे बागेला नंबर असतो का कधी? बाग म्हणजे अभिमन नानांचा नाल्याकडचा पिलबाग, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेला. नाही तर बेबाबाईंचा विहिरीवरचा कांदेबाग, पावसाळा सरताना लावलेला. नंबरशिवाय पान पुढे सरकेना, म्हणून मी सगळीकडे '१' टाकत गेले. खाली शेऱ्याचा मोकळा रकाना होता. खरं काय ते त्यात. सुपडू भाऊ वास घेऊन बोलायचे, मी टाइप करायचे. "अभिमन नाना, पिलबाग. चीक पातळ, काकडीसारखा वास. गॅस चार तास कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघणे, वाट पाहू नये." असे तेराशे चाळीस शेरे.

या फेब्रुवारीत ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मेल आला: दहापेक्षा कमी चेंबर असलेल्यांची सेवा बंद, शनिवारी सायंकाळी सहा वाजता खातं मिटेल, तोपर्यंत आपली माहिती उतरवून घ्यावी. मेल आला होता दोन आठवड्यांपूर्वी. नीलेश दिल्लीच्या मंडीत, त्याने पाहिलाच नाही. मी उघडला तो शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

घाबरले नाही मी. 'डाउनलोड' दाबलं, फाइल आली. तारीख, तापमान, गॅसचे तास, बागेचा नंबर. नंबराच्या खाली १, १, १, १, तळापर्यंत एक. शेरा नावाचा रकानाच नाही!

फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक बाई म्हणाली, "मॅडम, रिमार्क्स फाइलमध्ये येत नाहीत. ती सोय नाहीये."

"अहो, पण तुमच्याच पानावर दिसताहेत ना मला!"

"दिसतील मॅडम. उद्या सहापर्यंत."

मी म्हटलं जास्तीचे पैसे घ्या, एक महिना द्या. तर म्हणे दहा चेंबरच्या खाली आम्ही घेतच नाही. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

सुपडू भाऊ दारात उभे होते. मी त्यांना समजावून सांगितलं की उद्या संध्याकाळी तुमचे सगळे शेरे जाणार. मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, नाक हाये ना. तर त्यांनी चौकट धरली. "बठ्ठे?" सगळे या अर्थाचा हा शब्द माझ्या माहेरचा, माझी टिंगल करायला म्हणून ते वापरायचे. त्या दिवशी टिंगल नव्हती. चेहरा पांढरा पडला होता. "काहीतरी कर, सूनबाई. काहीबी कर."

शेरे कॉपी होत नव्हते. एकेक नोंद उघडायची, शेऱ्याची चौकट इवलीशी, आतल्या आत खाली सरकवायची, फोटो काढायचा, मागे यायचं, पुढची उघडायची. एका वेळी एकाच कंप्युटरवर खातं चालायचं. माझी धाकटी जाऊ डिंपल शाळेत शिकवते, तिला बोलावून घेतलं. मी उघडायची, ती फोटो काढायची. यादीत सगळ्यात नवी नोंद वर होती, म्हणून नव्यापासून सुरुवात केली. एकेका नोंदीला दीड-दोन मिनिटं. रात्री नऊला त्यांनी देखभालीच्या नावाखाली पान बंद केलं ते सकाळी सहाला उघडलं. सहाच्या ठोक्याला आम्ही दोघी तिथेच.

सुपडू भाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. चहा दिला तो तसाच राहिला, थंड झाला, तरी कप परत आला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि फोटो काढताना डिंपल दोनदा म्हणाली, "ताई, हे सगळे सारखेच वाटतात गं." मी तिला म्हटलं, तू वाचू नकोस, काढ.

दुपारी दोन वाजेपर्यंत साडेसहाशे झाले. उरलेले सातशेच्या आसपास, हातात चार तास. मानेला रग लागलेली, डोळ्यांची आग. मी खुर्ची मागे सरकवली आणि म्हटलं, "सगळे काही होत नाहीत. नवे आलेत ना, बास. राहिलेत ते कोरोनाच्या आधीचे. ते गेले तरी चालतील."

"जुने नको सोडू," सुपडू भाऊ म्हणाले.

"भाऊ, चार तासांत—"

"नवे सोड. नव्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे? काल दुपारपासून मग काय झक मारतोय आम्ही?"

ते उठले. माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत बोलले. "मले वास येत नाही. दवाखान्यातून आलो ना, कोरोनात, तवापासून. काहीच नाही येत. फोडणीचा नाही, रॉकेलचा नाही. नवे शेरे मी मनचेच सांगितले. तू जुने वाचून दाखवायची, त्याच्यावरून."

मला आधी समजलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. चार वर्षं रोज फणी नाकाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि मग सहज विचारल्यासारखं, "काढ बरं, मागच्या सालाले याच बागेचं काय लिहिलं व्हतं?" मी वाचायची. ते मान हलवायचे. "हां. तसंच हाये." मला वाटायचं, किती काटेकोर माणूस! अहो, स्वतःच्याच जुन्या शेऱ्यांवर माणूस चालला होता. ते नाक केव्हाच गेलं होतं, उरलं होतं ते फक्त त्या कंपनीच्या कंप्युटरमध्ये. आणि मी दीड दिवस घालवून त्यातला नकली भाग तेवढा वाचवून ठेवला होता.

मग माझं डोकं सटकलं. "चार वर्षं येड्यात काढलं तुम्ही आम्हाला! लोक तुमच्या भरवशावर गाड्या भरून पाठवतात आणि तुम्ही नाटक करत होतात? मीच वाचून दाखवायचं आणि मीच ऐकायचं, मग तुम्ही नसतात तरी चाललं असतं की!"

तोंडातून निघून गेलं. सुपडू भाऊंनी मान खाली घातली. बासष्ट वर्षांचा माणूस, माझ्या सासऱ्यांना अरे-तुरे करणारा, माझ्यापुढे मान घालून उभा. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

डिंपल म्हणाली, "ताई, भांडण नंतर करा. सव्वादोन झालेत."

तिनेच शोधलं की यादीत तारखेवर दाबलं की जुनं वर येतं. यादीत प्रत्येक शेऱ्याचे पहिले दोन शब्द दिसायचे, म्हणजे न उघडताही बाग कोणाची ते कळायचं. पहिली नोंद, सात वर्षांपूर्वीची, उघडली. आता मी एकेक उघडत बसले असते तर अर्धेही झाले नसते, म्हणून मी न बघता म्हटलं, "भाऊ, नावं सांगा. कोणाचे घ्यायचे?"

ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अभिमन नानाचे बठ्ठे घे. बेबाबाईचा कांदेबाग घे. वनाचा नको, त्यानं बाग मोडला, कापूस लावला. सुनंदाबाईचा थंडीतला घे, तो काळवंडतो, त्याचं येगळं हाये." पुढे, पुढे. "हा नको. हा नको. थांब, हा घे, हा घे!" प्रत्येक 'नको' म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं एकेक वर्ष टाकून देत होता माणूस, आणि मला मान वळवायलाही वेळ नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी नेट गेलं. देवा रे! डिंपलच्या फोनवरून जोडलं, तर खात्याने बाहेर फेकलं, पासवर्ड पुन्हा, नीलेशच्या फोनवर आलेला आकडा पुन्हा. नीलेश मंडीतल्या गोंगाटात, फोन उचलेना. बावीस मिनिटं गेली. मी टेबलावर हात आपटत होते. सुपडू भाऊ पुटपुटत होते, नावं विसरू नयेत म्हणून, अभिमन नाना झाले, कौतिकचा राहिला, भिकुबाईचा राहिला.

पाच एकोणसाठला आम्ही कौतिकच्या मृगबागेची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या बागेची, नोंद उघडत होतो. चक्र फिरत राहिलं आणि मग पांढरं पान आलं. आपले खाते अस्तित्वात नाही. त्या कंपनीने दोन मिनिटंसुद्धा जास्त दिली नाहीत.

डिंपलने मोजले. एकशे सतरा. खरे शेरे होते साडेसहाशेच्या वर. राहिलेले गेले ते गेले, ते आता कोणाकडेच नाहीत. वाचलेले पुढे मी साध्या फाइलमध्ये उतरवले, एक आमच्या कंप्युटरवर, एक डिंपलच्या घरी. नवं सॉफ्टवेअर विकायला आता कोणी आलं, की मी पहिल्यांदा त्याला माझ्या दहा नोंदी टाकायला लावते, त्या जशाच्या तशा बाहेर काढून दाखवायला लावते, आणि मगच पाणी विचारते. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी डिंपल घरी गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. मी विचारलं, "भाऊ, सांगितलं का नाही? तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मले घरी बसवलं असतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खोटं बोलता येईना. बसवलंच असतं. मानाने, शाल-नारळ देऊन, जेवण घालून बसवलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस शोधला असता.

त्यांनी टोपी उचलली. दाराशी जाऊन थांबले. या शेडमध्ये पंचेचाळीस वर्षं स्वतःच्या मर्जीने येणारा-जाणारा माणूस, परक्यासारखं विचारतो, "मंग सोमवारी येऊ, का नको?"

सोमवारी बेबाबाईंचा माल यायचा होता. त्यांचे तीन शेरे हाती लागले होते, आणि या सालचा बाग वेगळ्या पाण्यावरचा होता. मी म्हटलं, "सातला गाडी आहे. वास मी घेईन. काय वास येतोय ते मला नीट सांगता येणार नाही, तर तुम्ही खोदून खोदून विचारायचं. आणि चुकले तर ओरडायचं."

"ओरडीन ना," ते म्हणाले. "तुले काय, काकडीचा वास अन् दोडक्याचा वास एकच."