माझ्या बहिणीवरून काढलेली वनरक्षक

माझी मोठी बहीण वनरक्षक आहे. तिला घरात आम्ही सगळे बाई म्हणतो. गोंडपिपरीकडच्या जंगलाचा एक तुकडा तिच्या ताब्यात आहे. तेवढ्या भागात कुणी सागवान तोडलं, वणवा लागला, वाघानं गाय मारली, की पहिला फोन तिला जातो. मी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होतो. गेममधल्या माणसांचे चेहरे, अंगकाठी, कपडे घडवायचे, हे माझं काम.

कंपनीनं जंगलावरचा गेम करायचं ठरवलं तेव्हा नायिका वनरक्षक असावी, हे मीच सुचवलं. सगळ्यांना ते आवडलं. मी आठ दिवसांची रजा टाकून गावी आलो आणि तीन दिवस बाईच्या मागे मागे जंगल फिरलो. तिचे फोटो काढले, चालण्याचे व्हिडिओ घेतले. ती चालताना समोर कमी आणि जमिनीकडे जास्त बघते. एका गुडघ्याला जुनी दुखापत आहे, म्हणून उतारावर ती काठी आधी टेकवते. डोक्याला दुपट्टा, खाकी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, कारण पाय चुकला की खाजकुयली अंगाला लागते. दोन लेकरांची आई. कमरेवर पट्टा घट्ट बसतो. मी बाजूनं फोटो काढायला लागलो तेव्हा ती हसली.

"पोट जरा कमी काढजो," म्हणाली.

तिच्यासोबत काम करणाऱ्या मजूर बायाही हसल्या. त्या दिवशी दुपारी पाणवठ्याजवळ डबा खाताना तिनं त्यांना सांगितलं, की माहा भाऊ माह्यावर गेम बनवून राह्यला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पुण्यात परतून मी महिनाभर खपलो. पडद्यावर जी वनरक्षक उभी राहिली ती बरीचशी माझी बहीण होती. रुंद खांदे, उन्हानं रापलेली मान, जाड बूट. आमच्या प्रमुखानं ती पाहिली आणि तो म्हणाला, काम उत्तम आहे, पण खेळणारा हिच्याकडे कितीतरी तास बघणार आहे, त्याला बघावंसं वाटलं पाहिजे. मग बदल सुरू झाले. आधी कंबर थोडी बारीक. मग पाय लांब. मग छाती. मग शर्ट अंगाला चिकटलेला, वरची बटणं उघडी, बाह्या कापलेल्या. दुपट्टा गेला, केस मोकळे झाले. एकदम सांगितलं असतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. रोज थोडं थोडं होतं, आणि मी रोज थोडं थोडं केलं. बाईनंच पोट कमी काढ म्हटलं होतं ना, असंही मी मनाशी म्हणायचो.

मी संगणकावर घडवलेली ही बाहुली पुढे ज्या मुलीकडे जायची ती तिला चालवायची, पळवायची, झाडावर चढवायची. सोलापूरकडची होती, कमी बोलायची. एका बैठकीत तिनं सगळ्यांसमोर विचारलं, की या कमरेत आतडी कुठे मावतात? ही वाकली की कमरेपाशी मॉडेल तुटतं. आणि उघड्या दंडांनी जंगलात कोण जातं? प्रमुखानं माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत वनरक्षक जवळून पाहिलेला मी एकटा होतो.

मी म्हणालो, "हा गेम आहे, माहितीपट नाही."

सगळे हसले. तिनं वही मिटली. पुढे तिनं तो विषय काढला नाही. दोन महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी मी बाहेर चहाला गेलो होतो. मुद्दाम गेलो होतो.

गेमचा ट्रेलर आला आणि इंटरनेटवर भांडण पेटलं. एका बाजूचे म्हणत होते, बाईचं शरीर विकायला काढलंय. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, तुम्हाला सुंदर बाई बघवत नाही, खेळायचं नसेल तर नका खेळू. मी दोन्हीकडचं वाचत बसायचो. माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांची भाषा वाचून मलाच लाज वाटायची. त्या सगळ्या गदारोळात वनरक्षक नावाचं काम कुणी खरोखर करतं, हे कुणाच्या गावी नव्हतं. प्रमुख मात्र खूश होता. नावं ठेवायला का होईना, लोक बघतायत, म्हणाला.

महिनाभरानं मी गावी आलो. बाई वनखात्याच्या तपासणी नाक्यावर होती. चहा दिला, लेकरांचं सांगितलं, माझ्या तब्येतीचं विचारलं. गेमचं काहीच बोलली नाही, म्हणून शेवटी मीच विचारलं, ट्रेलर पाहिलास का.

"पाह्यला," ती म्हणाली. "मीच सगळ्यायले सांगतलं होतं ना, माह्या भावानं माह्यावर गेम बनवला म्हणून. आता सगळ्यायच्या मोबाईलमधी आहे तो."

मग तिनं सांगितलं. लाकडाच्या मोळ्यांसह काही जणांना तिनं अडवलं होतं. कुऱ्हाडी खाली ठेवा म्हटल्यावर त्यांच्यातल्या एकानं मोबाईल काढून दुसऱ्याला दाखवला आणि दोघं तिच्या शर्टाकडे बघून हसले. इतक्या वर्षांत लोक तिच्यावर ओरडले होते, अंगावर धावून आले होते, तिची तक्रार घेऊन साहेबाकडे गेले होते. असं हसलं कुणी नव्हतं. कुऱ्हाडी तिनं जप्त केल्याच. पण त्या दिवसापासून ती एकटी फिरत नाही, मजूर बायांपैकी कुणाला तरी सोबत घेते.

मी म्हणालो, मी आधी वेगळी काढली होती, वरून सांगितलं म्हणून बदलावी लागली.

"पण बदलवली तं तूच ना?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले पाहून गेला होता तू. तीन दिवस."

तिनं कप उचलले आणि ती धुवायला गेली.

पुढे टीका वाढली तेव्हा कंपनीनं शर्टाचं एक बटण लावलं आणि लोकांचं म्हणणं आम्ही ऐकलं असं जाहीर केलं. ते बटणही मीच लावलं. वर्षभरात गेम विसरला गेला. मी ती नोकरी सोडली; आता नागपुरात शाळांसाठी चित्रं काढतो. सोलापूरच्या त्या मुलीला माफी मागणारा निरोप पाठवला. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तेव्हा बोलायला हवं होतं, एवढंच होतं त्यात.

बाई माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते. पण मागच्या उन्हाळ्यात मी वही काढून म्हणालो, बस जरा, तुझं चित्र काढतो, जशी आहेस तशी. ती उंबऱ्यात बूट घालत होती.

"आता राहू दे," म्हणाली. लेस बांधून झाल्यावर तिनं काठी घेतली आणि बाहेर थांबलेल्या दोन मजूर बायांना हाक मारत निघाली. मी सोबत येऊ का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही.