झुकलेली नजर, चुकवलेली नजर

"शाय? कौन-सा वाला शाय?"

कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला 'शाय' म्हटलं की बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि अगदी हळू आवाजात हा प्रश्न विचारायच्या. वाण्याकडे जाऊन कुणी नुसतंच 'डाळ द्या' म्हणावं आणि त्याने 'कोणती?' विचारावं, तितक्या सहजपणे.

चंडीगडच्या त्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझं मराठी सांगलीचं होतं, हिंदी रेडिओवरचं आणि इंग्रजी फक्त पुस्तकातलं. नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारची, बदलीने आम्ही तिथे पोचलेलो. पहिल्याच दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला स्टाफरूममध्ये चार शब्द बोलायला सांगितले. मी उठले, "आय ॲम शाय" म्हटलं आणि खाली बसले. मधल्या सुट्टीत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या. पन्नाशी उलटलेली, एकटीच राहणारी बाई; फिक्या रंगाची सलवार-कमीज, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आणि हा प्रश्न.

मला एकच प्रकार ठाऊक होता. त्यांनी समजावलं. शाय म्हणजे ज्याला माणसांत यायचं असतं, पण पाय उचलत नाही. बॅशफुल म्हणजे कौतुक केलं की ज्याचे कान लाल होतात, तेवढ्यापुरते. कॉय म्हणजे लाजायचं नाटक, "उसमें आईना होता है जी." रिझर्व्ड माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, तो सांगत नाही इतकंच. डिफिडंटला स्वतःच्या कुवतीचा भरवसा नसतो. आणि टिमिड म्हणजे निव्वळ भित्रा.

"आप डिफिडंट हैं," माझं निदान करून त्या म्हणाल्या. "ठीक हो जाएगा."

"और आप?"

"मैं तो टिमिड हूँ जी. शाय होना तो अच्छी बात है. मैं बस डरती हूँ."

हा विनय नव्हता. बसमध्ये 'रोको' म्हणायचा त्यांना धीर व्हायचा नाही. दुसरं कुणी उतरेल त्या थांब्यावर उतरून त्या मुकाट्याने मागे चालत यायच्या. स्टाफ मीटिंगमध्ये इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खोलीत असतात, पण कुठे बसली होती ते नंतर आठवत नाही.

मीही त्यांना आपले शब्द दिले. लाजरा, बुजरा, संकोची त्यांनी मान डोलावत घेतले. 'भिडस्त'पाशी मात्र थबकल्या. समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून ज्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही तो, असं मी सांगितलं. "इसका तो अंग्रेज़ी में है ही नहीं!" त्या इतक्या खूश झाल्या की डब्यातला आलूचा पराठा त्यांनी अख्खा माझ्यापुढे ठेवला. भूक नव्हती, तरी मी तो भिडेखातर खाल्ला.

आमच्या या शब्दांच्या खेळात सगळ्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे माझा लॅब असिस्टंट. मुल्लानपूरकडच्या एका खेड्यातून सायकलने यायचा. सहा फुटी देह, निळी पगडी, आणि आवाज असा की पुढच्या बाकापर्यंत पोचू नये. मला काही विचारायचं असलं की दाराबाहेर उभा राहून खोकायचा. मी वळले की त्याची नजर जमिनीवर. मंगनी झाली तेव्हा तो लाडवांचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आला. कुणीतरी मुलीचं नाव विचारलं. तो मानेपर्यंत लाल झाला, डबा टेबलावर टाकून पळाला.

"रोज़ शाय होता है," बाई म्हणाल्या, "आज बॅशफुल है."

आम्ही किती हसलो होतो त्या दिवशी.

दिवस मात्र हसायचे नव्हते. पंजाब पेटलेला होता. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की बसमधून उतरवून मारलेल्या माणसांची बातमी असायची. बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, त्यात बॉम्ब असतो, असं आम्ही मुलांना प्रार्थनेनंतर रोज सांगायचो. अंधार पडायच्या आत सगळे घरी. रस्त्यारस्त्यावर पोलिसांचे नाके.

एके दिवशी लॅबला कुलूपच होतं. मधल्या सुट्टीत फाटकाशी त्याचे वडील उभे दिसले. आदल्या संध्याकाळी घरी जाताना मुलाला नाक्यावर थांबवलं होतं. मागून येणाऱ्या गाववाल्याने सगळं पाहिलं. झडतीत काही सापडलं नाही. पण तोंडावर टॉर्च मारून नाव विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. पुन्हा विचारलं तेव्हा अडखळला. 'नज़रें चुराता है' म्हणून त्याला जीपमध्ये घातलं.

उचलून नेलेल्यांचं काय होतं ते तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. काही परत येत. काहींची पेपरात दोन ओळींची चकमक होई.

स्टाफरूममध्ये प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "हवा ख़राब है. स्कूल को इसमें नहीं पड़ना चाहिए."

"मैं जाती हूँ."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेरून कुणी बोललं असंच वाटलं. बाई उभ्या होत्या. पर्स छातीशी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप चलेंगी साथ? अकेले मुझसे अंदर नहीं जाया जाएगा."

ठाण्याच्या बाकावर आम्ही खूप वेळ बसलो. पर्सची कडी त्या एकसारखी उघडत-मिटत होत्या. शेवटी आत बोलावलं. अधिकारी तरुण होता, इंग्रजी शाळेत शिकलेला. शांतपणे म्हणाला, "मॅडम, जो बेक़सूर होता है वो आँख मिलाके बात करता है."

"नहीं जी. नज़र झुकाना अलग है, नज़र चुराना अलग."

तो हसला. "क्लास ले रही हैं आप?"

"हाँ जी. ले रही हूँ."

आणि त्यांनी खरोखरच क्लास घेतला, इंग्रजीतून. आवाज थरथरत होता, पण एक वाक्य मोडलं नाही. त्या म्हणाल्या, चोरटा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मगच नजर फिरवतो. तुम्ही काय ओळखलंत ते त्याला बघायचं असतं. लाजरा माणूस मुळात बघतच नाही. "तुमच्या माणसांना विचारा, याने एकदा तरी त्यांच्याकडे पाहिलं का?"

अधिकाऱ्याचं हसू थांबलं. त्याने दारातल्या शिपायाकडे पाहिलं. नाक्यावर तोच होता.

"नहीं साब," शिपाई म्हणाला. "एक बार भी नहीं."

"कल आइए," अधिकारी म्हणाला.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. कोणी आत बोलावलं नाही, तरी शाळा सुटली की जाऊन त्या बाकावर बसत राहिल्या. आणि एका दुपारी त्याला सोडलं.

वडील आणि आम्ही दोघी ठाण्याच्या अंगणात उभे होतो. एका पायावर भार देत तो बाहेर आला. पगडी नव्हती, केस नुसते बांधलेले. बाईंनी नावाने हाक मारली. त्याने मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग माझ्या. मग वडिलांच्या. पापणी लवत नव्हती. ती नजर उद्धट नव्हती, रागाची नव्हती. तिच्यात काहीच नव्हतं. आत त्याला एकच शिकवलं गेलं होतं. नजर खाली गेली की मार पडायचा. आता ती खाली जातच नव्हती.

शेवटी वडिलांनीच मान खाली घातली.

तो पुन्हा कामावर आला, पण सगळ्यांकडे तसाच रोखून बघायचा. मुली लॅबमध्ये यायला घाबरू लागल्या. महिन्याभरात त्याच्या मामाने त्याला दूर तराईतल्या आपल्या शेतावर नेलं. मंगनीचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

बाई यानंतर आणखीच मिटून जातील असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. पोलिसांशी इंग्रजीत बोलणारी एक मॅडम आहे आणि तिने एकाला सोडवून आणलं, ही गोष्ट खेड्यांतून पसरली. शाळेच्या फाटकाशी म्हातारे बाप येऊन उभे राहू लागले. बाई त्यांच्याबरोबर ठाण्यावर जाऊ लागल्या. प्रिन्सिपल मॅडमनी बाईंना समज दिली, मग दुसऱ्यांदा दिली. बाईंनी नोकरी सोडली.

"डर नहीं लगता अब?" मी एकदा विचारलं.

"बहुत लगता है जी," त्या म्हणाल्या. "हर बार लगता है."

आमची नागपूरला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी पंचकुल्याला त्यांच्या घरी गेले. भर दुपार होती. दाराला कुलूप. व्हरांड्यात मात्र माणसं बसलेली होती. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी गुडघ्यांत डोकं घातलेलं. मी परत फिरावं की थांबावं अशी घुटमळत असताना एक म्हातारी बाजूला सरकली आणि तिने माझ्यासाठी पायरी ओढणीने पुसली.

"बैठ जा पुत्त," ती म्हणाली. "मैडम हुणे थाणे तों आ जाणगे. तेरा कौण ऐ अंदर?"