चिंचेनं घासलेली बंदूक

तांब्याची भांडी घासायला चिंच भिजवली, की त्या आंबट वासाबरोबर मला पोलीस ठाण्यातलं बाकडं आठवतं. नव्वदच्या पुढची कुठलीशी निवडणूक होती आणि परवान्याच्या बंदुका जमा करायच्या होत्या. मालक त्याच साली गेलेले, म्हणून सासऱ्यांच्या वेळची दुनळी बंदूक मीच गोधडीत गुंडाळून निमगाव केतकीहून एसटीनं इंदापूरला नेली. परवान्यावर फ्रान्सची बंदूक असं लिहून पुढं नंबर होता. नळी मात्र आरशासारखी कोरी. हवालदार म्हणाला, "मावशी, नंबर घासलेली बंदूक म्हंजी गुन्हा हाय. तुमाला आता सोडता येत न्हाय. मालकांनी घासला का?" होकाराची मान हलवली असती तर सुटले असते, मेलेल्या माणसाला कोण धरणार? पण दर खंडेनवमीला पूजेआधी विटेचा भुगा आणि चिंच घेऊन ती मीच घासायचे. ती परकी अक्षरं मला मळ वाटायची. "म्या घासला," मी म्हणाले. "देवापुढं काय मळकी ठेवू?" तो हसला, पण दारातून हलला नाही. दुपार कलल्यावर पोलिसांनी बोलावलेला बंदुकांचा म्हातारा कारागीर बारामतीहून आला. त्यानं नळीखालचं लाकूड उतरवलं, तर आत फ्रान्समधल्या कारखान्याचं नाव आणि परवान्यावरचा नंबर जसाच्या तसा. "हितं बाईंचा हात पोचला न्हाय, म्हणून वाचल्या," तो म्हणाला. तेव्हापासून काहीही घासण्याआधी मी चष्मा लावून बघते.