आवाज निलेशच्या गाडीचा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पिकअपच्या सीटखाली नट-बोल्टचे पाने, फडकी, तुटके बेल्ट साठत जातात तसे ते साठतात, आणि एक दिवस टॉर्च शोधायला हात घातला की सगळंच बाहेर येतं. माझी आणि निलेशची मिळून एक सीएनजीची पिकअप आहे. सकाळी सातपाटीहून मासळी उचलून मासवणकडच्या गावांत विकायला न्यायची, दुपारी बोईसरच्या कारखान्यांचा माल. निलेश सातपाटीचा आणि भलताच हौशी. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. स्वभावाने घाबरट. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक किश्शात मी घाबरलेलाच आहे.

*

त्या दिवशी मी उमरोळीला स्टेशनच्या रस्त्यावर निलेशची वाट बघत उभा होतो. बोईसरच्या बाजूने असा आवाज यायला लागला की मला वाटलं, कुणाचं तरी इंजिन फुटायच्या बेतात आहे. मी घाईने मागे सरकलो तो थेट गटारात. समोर येऊन थांबली ती आमचीच गाडी! निलेश खिडकीतून डोकं काढून काहीतरी विचारत होता, पण मला नुसते ओठ हलताना दिसत होते. शेवटी त्याने इंजिन बंद केलं तेव्हा प्रश्न ऐकू आला.

"कसा हाय आवाज?"

सायलेन्सरचा डबा कापून त्याने सरळ पाइप बसवून घेतला होता, तोही मला न विचारता. म्हणे, मासळीवाल्यांचे हॉर्न सगळे सारखेच, आपली गाडी लांबूनच ओळखू यायला पाहिजे. बोईसरच्या वेल्डरने गाडी ताब्यात देताना त्याला एवढंच बजावलं होतं, "भैया, हॉर्न की अब छुट्टी. बस ब्रेक का ध्यान रखना." मी पाय झटकत सांगितलं, उद्याच्या उद्या हे काढायचं.

*

काढलं नाही, त्याला कारण हिरामावशी. ही निलेशची सख्खी मावशी. मासळी तिची, गाडी आमची. केबिनमध्ये ती आमच्या दोघांच्या मधे बसते आणि गाडीबद्दलचे सगळे निर्णय घेते.

दुसऱ्या दिवशी सातपाटीला टोपल्या चढवायच्या वेळी निलेशने गाडी चालू केली. रोज टोपल्यांवर टपून बसलेले कावळे जे उडाले ते परत फिरकलेच नाहीत. मांजरंही पांगली. मी मावशीला पटवायला गेलो की पोलीस पकडतील, लोक शिव्या घालतील, गावोगावी भांडणं होतील. तिने बोंबलांवर ओलं गोणपाट पसरलं आणि वर आभाळाकडे बघितलं.

"कावला दिसतो का एक तरी? नाय ना? मंग ऱ्हाऊ दे."

विषय संपला.

*

मासवणच्या बाजूला वेगळीच पंचाईत. एका वाडीवर आम्ही पोचलो तेव्हा म्हशीची धार काढणं चाललं होतं. आमची गाडी वळणावर आली आणि म्हशीने दूध चोरलं. घरातली म्हातारी रिकामी चरवी घेऊन गाडीपुढे उभी राहिली आणि हलेचना. शेवटी निलेशने माफी मागितली आणि वाडीच्या अलीकडे इंजिन बंद करून उतारावर गाडी नुसती सोडायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तसं केलं. आवाज नाही, म्हणून गाडी आल्याचं कुणाला कळलंच नाही. मावशी केबिनमधून खाली उतरली आणि स्वतःच ओरडत दारोदार फिरली. परतीच्या वाटेवर ती निलेशशी एक शब्द बोलली नाही, माझ्याशीही नाही, आणि माझा तर यात काहीच दोष नव्हता.

*

पण उताराची युक्ती निलेशच्या डोक्यात बसली. पालघरात हवालदार दिसला की तो लांबूनच इंजिन बंद करायचा आणि गाडी तशीच पुढे जाऊ द्यायचा. मी दाराची कडी घट्ट धरून बसायचो. एकदा गाडीचा जोर कमी पडला आणि ती नेमकी हवालदाराच्या पुढ्यातच येऊन थांबली.

माणूस फार चांगला निघाला. बंद पडली का, म्हणून त्याने आपुलकीने विचारलं. निलेशने मान हलवली. हवालदाराने दोन रिक्षावाल्यांना हाक मारली आणि स्वतः मागे जाऊन गाडीला खांदा लावला. आता एवढी माणसं ढकलतायत म्हटल्यावर चावी तरी फिरवायला हवी! निलेशने फिरवली, सेकंड गिअर टाकला आणि सवयीने क्लच सोडला.

फाट्‌!

रिक्षावाले कुठे गेले ते मला दिसलं नाही. हवालदार टोपी हातात घेऊन, कान चोळत खिडकीशी आला. मावशीने झोपेचं सोंग घेतलं.

"आता बंद करू नका," तो शांतपणे म्हणाला. "पावती होईपर्यंत चालूच ठेवा."

*

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. खरी भीती आमच्या गल्लीत कळली.

माझी बायको सुनीता एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, म्हणजे शिफ्ट सुटेपर्यंत ती मला फोनवर मिळत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरांतून कुणी ना कुणी कंपनीत जातं. इथल्या कंपन्यांत स्फोट नवे नाहीत, म्हणून बोईसरला मोठा आवाज झाला की लोक दिवाळी किंवा वरात आठवत नाहीत. कोणाची कोणती शिफ्ट आहे ते आठवतात.

निलेश मला घ्यायला पहिल्यांदाच ती गाडी घेऊन गल्लीत आला आणि वळणावर त्याने ॲक्सिलरेटर सोडला. फाट्‌! क्षणात सगळ्या गॅलऱ्या भरल्या. प्रत्येकाच्या कानाला फोन. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अनवाणी खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. त्यांचा मुलगा सकाळच्या शिफ्टला होता.

"कुठल्या बाजूला झाला रे?" त्यांनी निलेशलाच विचारलं.

निलेशचा चेहरा उतरला. "काकू, माजी गाडी ती."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि ग्लास त्याच्याकडे देत म्हणाल्या, "बाळा, येताना आधी सांगत जा."

तेव्हापासून निलेश आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आहे. गल्लीत शिरण्याआधी कोपऱ्यावर गाडी थांबवून तो लिहायचा, 'निलेश येत आहे. आवाज गाडीचा. घाबरू नये.' मग खाली अंगठ्यांची रांग लागायची. सुनीता म्हणायची, पाइप काढायचा सोडून हा जाहिराती कसल्या करतो? कंपनीच्या रस्त्याला हा माल घेऊन आला की आत आमचा जीव जातो, तिथे कुठला ग्रुप?

तिचं खरं होतं. पण मावशीला कोण सांगणार?

*

मावशीला शेवटी निलेशनेच सांगितलं. काकूंचं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "काड. कावल्यांचं मी बगते."

त्याच दुपारी आम्ही गाडी बोईसरला वेल्डरकडे नेली. सुनीता कामावर होती. वेल्डरने पाइप उतरवून जमिनीवर ठेवला आणि नवा डबा बसवायला घेतला. निलेश पाइपाशेजारी उकिडवा बसून त्याच्यावरून हात फिरवत होता. मी बऱ्याच दिवसांनी निवांत चहा पीत होतो.

तेवढ्यात मोठा आवाज झाला.

वेल्डरने मशीन बंद केलं. शेजारच्या पंक्चरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी सवयीने निलेशकडे बघितलं. निलेशने आधी जमिनीवरच्या पाइपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादा, मी नाय."

मी चहा खाली ठेवला. सुनीताला फोन लावला. बेल वाजत राहिली, लॉकरमध्ये. पुन्हा लावला. कंपनीच्या गेटचा नंबर बिझी लागत होता. निलेशही त्याच्या फोनवरून तोच नंबर लावत होता, पण मधेच त्याचा हात थांबला. त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. ग्रुपवर एकामागून एक मेसेज येत होते आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. निलेश, तूच ना? निलेश, गाडी ना? त्याने 'नाही' लिहिलं आणि पुसून टाकलं.

मग माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"त्या निलेशला दे आधी," सुनीता ओरडत होती. "सिक्युरिटीवाल्यांच्या फोनवरून बोलतेय. लाज नाही वाटत त्याला? अख्खं डिपार्टमेंट बाहेर पळालं, एक पोरगी पायऱ्यांवर पडली. कितीदा सांगितलं, कंपनीच्या रस्त्याला ती गाडी आणू नको म्हणून!"

मी नुसता हुंकार देत राहिलो. ती बोलतच होती.

निलेश जवळ आला. "काय म्हनते वहिनी?"

"शिव्या घालतेय तुला."

तो पुन्हा पाइपाशेजारी जाऊन बसला.

"घालू दे, दादा. फोन ठेवू नको म्हनावं."